शब्दचर्चा: काडतूस, पुंगळी आणि रायफलीला 'मानवणारी' गोळी

प्रश्न
अमेरिकेत, विशेषतः मोंटानासारख्या राज्यांत, दुकानातून आणलेल्या शिकारी रायफलीसाठी लोक घरी काडतुसं भरतात. त्यावर मराठीत लिहितोय. 'बुलेट' आणि 'कार्ट्रिज' दोन्हीला 'गोळी' म्हटलं की घोटाळा होतो. 'हँडलोडिंग'ला काय म्हणावं? 'ॲक्युरसी'ला 'अचूकता' चालेल का?

प्रतिसाद
गोळी म्हणजे नळीतून उडून जाते तेवढीच. काडतूस (पोर्तुगीज 'कार्तुश'वरून आलेलं) म्हणजे सगळा संच: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी (ठोका बसला की पेट घेणारी), आत दारू, तोंडात गोळी. नवे शब्द घडवायची काहीच गरज नाही. 'जिवंत काडतुसं' आणि 'रिकाम्या पुंगळ्या' गुन्ह्यांच्या बातम्यांत नेहमी वाचतो आपण. बार झाल्यावर मागे उरते ती पुंगळी. ती पुन्हा वापरता येते, म्हणून तर हा उद्योग चालतो.

'हँडलोडिंग'ला 'हाताने काडतूस भरणं' पुरेसं आहे. फक्त 'रायफल भरली' आणि 'काडतूस भरलं' यांची गल्लत होऊ देऊ नका. 'हस्तभारण' वगैरे तर नकोच, भारण विजेचं असतं.

'अचूकता'बद्दल मात्र जरा थांबा. समजा १०० यार्डांवर पाच गोळ्या झाडल्या. पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातात, पण मध्यापासून चार बोटं डावीकडे आहेत. हा दोष रायफलीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू फिरवून जातो. आता दुसरा कागद घ्या: भोकं मध्याभोवतीच आहेत, पण वीतभर विखुरलेली. दुर्बीण कितीही फिरवा, ती जवळ येणार नाहीत. हाताने भरलेलं काडतूस हा दुसरा दोष कमी करतं. मराठीत नेम माणसाचा असतो, त्यामुळे 'रायफलीचा नेम सुधारला' हे चुकीचंच. 'अचूकता' शीर्षकात ठेवा, आत 'भोकांचा पुंजका आवळला' असं लिहा. आपले नेमबाज सरळ 'ग्रुप' म्हणतात, तेही चालेल.

पुंजका का आवळतो, हे लेखात यायलाच हवं. कारखान्याचं काडतूस त्या मापाच्या प्रत्येक रायफलीत बसावं लागतं, म्हणून ते चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत) किंचित सैल असतं. बार होताना पुंगळी फुगते आणि तुमच्या चेंबरचा आकार घेते. मग तिचं फक्त तोंड आवळलं, तर पुढच्या वेळी ती त्याच रायफलीत नेमकी बसते. दुसरी गोष्ट, गोळी किती खोल बसवायची, म्हणजे नळीतल्या पीळदार खाचांपासून ती किती अंतरावर राहील, हे स्वतः ठरवता येतं. तिसरी, दारूचं वजन. ते ग्रेनमध्ये मोजतात, एका पौंडात ७००० ग्रेन. सोनाराची गुंज साधारण पावणेदोन-दोन ग्रेन भरते, म्हणजे इथला काटा गुंजेहूनही बारीक लागतो. प्रत्येक पुंगळीत दारू सारखी पडली की गोळीचा वेगही सारखा राहायला मदत होते. छापील तक्त्यातली कमाल मर्यादा ओलांडली तर रायफल फुटू शकते, हे वाक्य लेखातून गाळू नका.

प्रश्नकर्ता
फारच उपयोगी. आणखी एक. तिकडचे लोक 'या रायफलीला अमुक गोळी आवडते' असं लिहितात. मराठीत ते बालिश वाटतं.

प्रतिसाद
'मानवते' लिहा. हवा मानवते, औषध मानवतं, तशी .३०८ विंचेस्टर या मापाचं काडतूस घेणाऱ्या एखाद्या रायफलीला १६५ ग्रेनची गोळी मानवते आणि तिच्याच शेजारी बनलेल्या दुसरीला १५० ची. 'आवडणं' लहरीवर असतं. 'मानवणं' मात्र प्रकृतीवर असतं आणि करून पाहिल्याशिवाय कळत नाही. नेमकं हेच तुम्हाला सांगायचंय.

हा प्रकार आपल्याकडेही आहे. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्य मिळवलं, त्यात .२२ चं काडतूस लागतं. त्याला वेगळी टोपी नसते, पेट घेणारा मसाला पुंगळीच्या काठातच असतो, त्यामुळे ते घरी पुन्हा भरता येत नाही. मग या प्रकारातले नेमबाज एकाच कारखान्याचे वेगवेगळे लॉट (एका खेपेत बनलेली काडतुसं) आपल्या रायफलीतून झाडून बघतात आणि मानवेल त्या लॉटचा साठा करतात. हाताने भरणारा माणूस काडतूस बदलत जातो, हे नेमबाज ते निवडतात.

आणखी एक प्रतिसाद
दोन सूचना. पुंजका किती पसरला हे ज्यात मोजतात त्या 'मिनिट ऑफ अँगल'साठी पंचांगातला 'कला' शब्द आहे (एका अंशाच्या ६० कला), पण वाचक अडखळेल. 'कोनाचं मिनिट, म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच' असं लिहा. आणि लेखात मोंटानाचा उल्लेख सुरुवातीलाच करा. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतुसं बनवायला परवाना लागतो.

प्रश्नकर्ता
करतो. 'दारू'चं काय? 'बारूद' लिहू का?

प्रतिसाद
'बारूद' हिंदी वळणाचं वाटतं. पहिल्यांदा 'बंदुकीची दारू' लिहा, पुढे नुसतं 'दारू' पुरे.