अनुभव धागा: तुम्ही पाहिलेला खरा हिरो

अनंत कान्हेरे, दादासाहेब गायकवाड ही नावं नाशकात शाळेपासून पाठ असतात. इथं मात्र आपल्या घरात, गल्लीत पाहिलेली माणसं लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं काही नको.

सराफबाजारकर
ऑगस्ट २०१६. नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली तो पूर. नदीकडे बघत सगळी गर्दी पुलावर. आमच्या शेजारच्या दुकानातले हमालकाका मात्र गटारीकडे बघत होते. आमच्या बाजाराखालून सरस्वती नाला जातो. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, फुगवटा आला की नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, उलट वर येतं. जाळीतून पाणी उसळताना दिसल्याबरोबर काकांनी ओरडून तळघरं रिकामी करायला लावली. वाड्यातल्या एक आजी हलायला तयार नव्हत्या, "६९ सालीसुद्धा इथंच होते" म्हणून. काकांनी वाद घातला नाही, दोन पोरांना घेतलं आणि आजींना खुर्चीसकट उचलून आणलं. तेवढ्यात एक पोरगा वाहत्या स्कूटरमागं धावला. काकांनी त्याला कॉलर धरून मागं ओढलं आणि एक सणसणीत कानफटात दिली. पोरगा चिडला, पण जागेवर राहिला. माझ्या लेखी त्या दिवसातलं सगळ्यात मोठं काम ती थप्पड.

सिडकोची लेक
माझं छोटंसंच. ठक्कर बाजारला शेवटची एसटी उशिरा पोचली, बाबा आले नव्हते. ड्यूटी संपलेले कंडक्टरमामा बाबा येईपर्यंत बाकावर बसून राहिले. बोलले काहीच नाहीत, तंबाखू मळत होते.

दिंडोरीवाला
बसून राहणं चांगुलपणा आहे हो, पण हिरो? मला तो शब्द जरा महाग वाटतो. माझी मावशी सांगतो. काका गेले तेव्हा द्राक्षबागेवर कर्ज, आणि आधीच्या हंगामाचा व्यापारी पैसे न देता पळालेला. तिला छाटणीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मजुरांच्या मागं मागं फिरून ती गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी शिकली, डाऊनी रोगावरची फवारणी शिकली. माल गेला की आधी मजुरांचे पैसे, मग बँक, मग घर. गावानं महिला दिनाला सत्कार ठेवला. ८ मार्च म्हणजे ऐन काढणी! ती गेलीच नाही. शाल अजून ग्रामपंचायतीत पडली असेल.

पंचवटीकर
धागाकर्ते, गायकवाडांचं नाव बाजूला ठेवलंत, पण आमच्या घरातला माणूस त्यांच्याच मागं होता. काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणूनचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, पाचेक वर्षं चालला. मंदिराच्या दारांशी सत्याग्रही पाळीपाळीनं बसत. रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली, त्यात पणजोबांच्या कपाळाला खोक पडली. पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी परत दाराशी. फोटोत ते कुठंच नाहीत.
त्या काळात घर चालवलं पणजीनं, मोलमजुरी करून. तिचं वाक्य आजी अजून तिच्याच आवाजात म्हणून दाखवते: "डब्यात पीठ नाही, आन् हे बसले देवाच्या दारात!"