निर्वासित मुलीच्या कवितेचा 'मूड' : भाव म्हणायचा की रस?

शब्दवेडी : नववीच्या वर्गासाठी एका कवितेवर टिपण करतेय. कविता एका निर्वासित मुलीच्या तोंडी आहे. रात्री तंबू श्वास घेतो, खिशातली घराची किल्ली रडते, असं ती सांगते. मी 'कवितेचा मूड' असं लिहिलं होतं. सहशिक्षकांनी ते खोडून 'रस : करुण' केलं. मला पटत नाही, मुलगी कुठेच शोक करत नाही. मूडला तुम्ही काय म्हणता?

जुनावाचक : 'भाववृत्ती'. समीक्षेत चांगला रुळलेला शब्द असताना मूड कशाला?

पानगळ : समीक्षेत रुळला, मुलांच्या बोलण्यात नाही. त्यांना मूड लगेच कळतो. पण इथे खरा घोळ वेगळाच आहे. भाव पात्राचा, रस रसिकाचा. भीती आणि उत्सुकता मुलीच्या मनात आहे, करुण आपल्या मनात. दोन्ही एका रकान्यात कोंबलं की मुलीचं म्हणणं पुसलं जातं.

उंबरठा : करुण तरी आहे का तेही बघा. भरताने नाट्यशास्त्रात करुण 'निरपेक्ष' आणि विप्रलंभ, म्हणजे विरहाचा रस, 'सापेक्ष' म्हटलाय. करुणात पुन्हा भेटीची आशा संपलेली असते, विप्रलंभात ती असते. जी किल्ली जपते तिची आशा संपलेली नाही.

जुनावाचक : विप्रलंभ हा शृंगाराचा भेद. लहान मुलीच्या कवितेला तो लावणं मला मुळीच मान्य नाही.

उंबरठा : शृंगार लावत नाहीये, फक्त आशेची कसोटी घेतोय. भरताचे रस आठ, शांत नंतर आला, वत्सलही. शास्त्र गरजेप्रमाणे वाढत आलंय.

पानगळ : अलंकारांचंही तसंच. तंबूच्या ओळीला मुलं पटकन 'चेतनगुणोक्ती', म्हणजे निर्जीवाला सजीवाचे गुण देणं, असं लिहून मोकळी होतील. पण वाऱ्याने कापड आत-बाहेर होतं आणि अंधारात पडल्यापडल्या तिला ते तसंच दिसतं. तिच्यापुरता तो अलंकार नाहीच. किल्लीचं वेगळं. तिथे तिने स्वतःचं रडू किल्लीला दिलंय, म्हणून पुढे ती शांतपणे बोलू शकते. या दोन ओळींतला फरक वर्गात नक्की विचारा.

वाटसरू : मला 'निर्वासित' खटकतो. घराबाहेर काढलेला, एवढंच त्यात आहे. 'शरणार्थी' का नको? अमरकोशात शरण म्हणजे घर आणि रक्षणकर्ता. शरणार्थी म्हणजे घर मागणारा!

जुनावाचक : कोशातलं कोशात. मराठीत 'शरण जाणे' म्हणजे हार मानणे, नाहीतर देवापुढे लीन होणे. मुलीने हार मानलेली नाही. शिवाय 'शरणार्थी' हिंदी बातम्यांतून आलाय, आपला रुळलेला शब्द निर्वासितच.

वाटसरू : दोन्ही संस्कृतच, मग एक आपला आणि एक परका कसा?

उंबरठा : 1951च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारानुसार माणूस स्वतःच्या देशाबाहेर असावा लागतो. देशातच घर सुटलं तर विस्थापित. कवितेत सीमा ओलांडल्याचं आहे का?

शब्दवेडी : नदी ओलांडल्याचं आहे, सीमेचं नाही. पण माझा प्रश्न मूडचा होता.

जुनावाचक : मग विस्थापित लिहा.

वाटसरू : नदीच सीमा असेल तर? मुलीला नदी दिसली, सीमा मोठ्यांना दिसते.

जुनावाचक : हे तुम्ही कवितेत घालताय. ओळ जशी आहे तशी इथे द्या, मग बोलू.