ग्नूप्लॉट: अर्धीच रेघ काढायची आहे, पण मधे फट पडते

प्रश्न:
नमस्कार मंडळी. ग्नूप्लॉट या आलेख काढणाऱ्या प्रोग्रामात ० ते २ मध्ये एक्सचा वर्ग आणि २ ते ५ मध्ये ८-२एक्स असं फलन काढायचंय. नको तो भाग १/० (म्हणजे अव्याख्यात किंमत, जी काढली जात नाही) देऊन गाळला. पण २ पाशी दोन तुकडे जुळतच नाहीत. शिवाय २ वर एक तुटक उभी रेघ हवी, तळापासून वक्रापर्यंतच. ती कशी थांबवायची?

उत्तर १:
सेट सॅम्पल्स १००० करा. फट दिसेनाशी होईल.

उत्तर २:
दिसेनाशी होईल, पण राहीलच. ग्नूप्लॉट मुळात १०० बिंदू घेतं. ० ते ५ मध्ये दोन बिंदूंतलं अंतर ०.०५ च्या आसपास येतं. त्यामुळे तुमचा वर्ग १.९७ ला संपतो आणि सरळ रेघ २.०२ ला सुरू होते. नेमक्या २ वर बिंदूच पडत नाही. दोन्ही सूत्रं तिथे ४ देतात, म्हणजे फलन संतत आहे. आलेख मात्र ते खंडित असल्याचं सांगतोय! वाचणारा चित्रावरच विश्वास ठेवतो, म्हणून हे मला फार खटकतं.

आवृत्ती ५ किंवा पुढची असेल तर १/० सोडा आणि प्रत्येक तुकड्याला त्याची हद्द द्या:

`प्लॉट सॅम्पल [०:२] एक्स**२, [२:५] ८-२*एक्स`

आता दोन्ही तुकडे बरोबर २ वर भेटतात. 'सॅम्पल' विसरू नका, नाहीतर पहिली हद्द सगळ्या एक्स-अक्षाचीच धरली जाते.

उभ्या रेघेसाठी बिनटोकाचा बाण, प्लॉटच्या आधी:

`सेट ॲरो फ्रॉम २, ग्राफ ० टू २,४ नोहेड डॅशटाइप २`

नुसतं २,० लिहिलंत तर रेघ तळाला टेकणार नाही, कारण तुमचा वाय-अक्ष -२ पर्यंत उतरतो. 'ग्राफ ०' म्हणजे चौकटीचा तळ, मग अक्ष कुठूनही सुरू होवो. पुढच्या चित्रात हा बाण नको असेल तर अनसेट ॲरो द्या, तो आपोआप जात नाही.

प्रश्नकर्ता:
जुळलं! तुटक रेघेचं नाव आलेखाच्या कोपऱ्यातल्या सूचीत (कोणती रेघ कशाची ते सांगणाऱ्या) का येत नाही?

उत्तर २:
बाण सूचीत येतच नाहीत. ५.४ पासून प्लॉटच्या ओळीत शेवटी स्वल्पविराम देऊन `कीएंट्री विथ लाइन्स डॅशटाइप २ टायटल "सीमा"` जोडता येतं. त्याआधीची आवृत्ती असेल तर (२,-२) आणि (२,४) हे दोन बिंदू फाइलमध्ये ठेवून विथ लाइन्सने काढा.