रात्रपाळी, वाढलेले वजन आणि टेस्टोस्टेरॉनचा अहवाल

रातवा : माझे वय ३६ असून चाकणच्या एका कारखान्यात मी आलटूनपालटून रात्रपाळी करतो. वजन ९४ किलोपर्यंत गेले आहे. सततच्या थकव्यामुळे तपासणी केली, तेव्हा टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे एकूण प्रमाण २७० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे कमी निघाले. रात्रपाळी संपवून, वाटेत नाश्ता करून मी सकाळी आठ वाजता रक्त दिले होते. व्यायामशाळेतील परिचित टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घेण्यास सुचवतात. आम्हा दोघांना मूल हवे आहे. ही घट राहणीमानामुळे झाली असेल की कारखान्यातील रसायनांमुळे?

मधुमालती : आधी हा आकडा बाजूला ठेवावा. रक्त सकाळी द्यावे असे सांगतात, कारण या संप्रेरकाची पातळी झोपेत वाढत जाऊन जाग येण्याच्या सुमारास सर्वाधिक असते. रात्रभर जागलेल्या माणसाची सकाळ ही त्या अर्थाने सकाळच नव्हे. शिवाय खाल्ल्यानंतर पातळी काही काळ उतरते. नीट झोप झालेल्या दिवशी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासणी करावी आणि पाळीच्या वेळा डॉक्टरांना सांगाव्यात. झोपेचा परिणाम किरकोळ नसतो : शिकागो विद्यापीठातील २०११ च्या प्रयोगात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांची दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी घसरली.

वजनाचाही मोठा वाटा असतो. चरबीच्या पेशींतील अरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते, तर इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात हे संप्रेरक वाहून नेणारे प्रथिन कमी होते. त्यामुळे एकूण आकडा खाली दिसला तरी मुक्त, म्हणजे प्रथिनाला न जोडलेले, टेस्टोस्टेरॉन पुरेसे असू शकते. म्हणून तेही तपासावे, सोबत रक्तशर्करा पाहावी, आणि घोरत असाल तर झोपेत श्वास अडतो का, याचीही चौकशी करावी. वजन उतरले की पातळी बहुधा वर येते.

मूल हवे असताना इंजेक्शन मात्र घेऊ नये. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळाले की पीयूष ग्रंथी वृषणांना संदेश देणे थांबवते आणि शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ बंद पडू शकते. व्यायामशाळेत ही गोष्ट कोणी सांगत नाही.

कोरडवाहू : रसायनांविषयी थोडे. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका कीटकनाशक कारखान्यात डीबीसीपी हे रसायन हाताळणाऱ्या कामगारांचे शुक्राणू घटल्याचे, काहींचे तर नाहीसे झाल्याचे आढळले. टेस्टोस्टेरॉन मात्र बहुतेकांचे ठीक होते, कारण वृषणात या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पेशी करतात. तेव्हा शंका असेल तर वीर्यतपासणी स्वतंत्रपणे करावी. बालपणीच्या परिस्थितीचाही ठसा उमटतो. २०१८ च्या एका अभ्यासात, बांगलादेशात वाढलेल्या पुरुषांपेक्षा लहानपणीच लंडनला गेलेल्या बांगलादेशी पुरुषांची पातळी जास्त आढळली. मोठेपणी स्थलांतर केलेल्यांची पातळी मात्र मायदेशातल्यांसारखीच राहिली. याचे कारण संशोधक बालपणीच्या आजारपणात आणि संसर्गांत शोधतात, आणि ते मला पटते.

रातवा : आभारी आहे. पुढच्या आठवड्यात दिवसपाळी लागते आहे. ती सुरू होऊन झोप रुळली की उपाशीपोटी पुन्हा तपासणी करतो आणि वीर्यतपासणीही त्याच वेळी उरकतो.