ऑइल फिल्टर : कंपनीचा की बाहेरचा?

प्रश्न : वणी तालुक्यातील आमच्या रस्त्यांवर कोळशाची धूळ फार असते. डिझेल गाडीला कंपनीचाच ऑइल फिल्टर घ्यावा, की बाजारातील स्वस्त फिल्टर चालेल?

उत्तर : भाऊ, बॉश किंवा माहले या फिल्टर बनवणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांचा आपल्याच मॉडेलसाठी असलेला फिल्टर निःशंकपणे वापरावा, मात्र अगदी स्वस्त फिल्टरमधील रबरी झडप निकृष्ट असली, तर गाडी उभी असताना तेल खाली उतरते आणि सकाळी इंजिन सुरू होताच वंगण पोहोचेपर्यंत आतील भाग कोरडेच घासले जातात. तिथे काटकसर नकोच.

उत्तर : नकली माल कंपनीच्या खोक्यातही विकला जातो, म्हणून पक्के बिल घ्यावे.

उत्तर : बाहेरची धूळ एअर फिल्टर अडवतो, आपल्या भागात तो लवकर बदलावा.