सकल, स्थूल की ढोबळ? राष्ट्रीय उत्पन्नाच्या शब्दांवर चर्चा

प्रश्न

अर्थशास्त्राची तोंडओळख करून देणाऱ्या एका पुस्तिकेचा अनुवाद करते आहे आणि जीडीपीच्या (ग्रॉस डोमेस्टिक प्रॉडक्ट, म्हणजे देशात वर्षभरात झालेल्या उत्पादनाचा आकडा) प्रकरणात अडले आहे. ‘ग्रॉस’साठी तीन शब्द समोर आहेत. वर्तमानपत्रांत ‘सकल’ दिसतो, अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत ‘स्थूल’, आणि हिशेब लिहिणारे ‘ढोबळ नफा’ म्हणतात तो ‘ढोबळ’. त्यात बातम्यांमध्ये बरेचदा ‘सकल राष्ट्रीय उत्पादन म्हणजेच जीडीपी’ असं वाचायला मिळतं. मग ‘देशांतर्गत’ कुठे गेलं? एकच शब्द ठरवून तो पुस्तिकाभर पाळायचा आहे. कोणता घेऊ, आणि का?

प्रतिसाद

ताई, ‘ढोबळ’ आधी बाजूला ठेवा. नफ्याच्या बाबतीत तो रुळलेला आहे, पण ‘ढोबळ उत्पादन’ वाचलं की सामान्य वाचक ‘ढोबळ अंदाज’ असंच समजणार. आकडा अचूक नाही एवढंच त्याच्या मनात राहील.

माझं मत ‘स्थूल’ला आहे. ‘सकल’वर माझा आक्षेप असा की तो शब्द फार मोठं आश्वासन देतो. सकल म्हणजे सगळंच्या सगळं. जीडीपीत सगळं धरलेलं नसतं, आणि धरायचंही नसतं. वर्गात मी नेहमी सदऱ्याचं उदाहरण देते. शेतकऱ्याने ४० चा कापूस विकला. गिरणीने त्याचं सूत काढून ७० ला विकलं, विणकराने कापड १२० ला, आणि शिवणाऱ्याने सदरा २०० ला. मुलं झटकन बेरीज करतात, ४३०. पण देशाच्या हाती शेवटी २०० चा एक सदरा आला आहे. ४३० मध्ये तोच कापूस चार वेळा मोजला गेला. म्हणून प्रत्येकाने स्वतः किती भर घातली तेवढीच धरायची: ४०, ३०, ५०, ८०. बेरीज २००. या भरीलाच मूल्यवर्धन म्हणतात. (कापूस पिकवायला दुसऱ्याकडून काही विकत घेतलं नाही असं इथे धरलं आहे.)

जुनं घर विकलं तर त्याची किंमत यंदाच्या उत्पादनात येत नाही, मध्यस्थाची दलाली तेवढी येते. घरच्यांसाठी घरात केलेला स्वयंपाक, आजाऱ्याची शुश्रूषा, मुलांचं संगोपन, यांचा मोबदला कुणी देत नाही म्हणून तेही बाहेर राहतं. इतकं बाहेर ठेवलेल्या आकड्याला ‘सकल’ म्हटलं की वाचकाची समजूत पहिल्याच पायरीवर चुकते.

प्रतिसाद

‘सकल’ची बाजू कुणीतरी मांडायला हवी. शब्द चुकीचा असेलही, पण तो वाचकाला आधीपासून माहीत आहे. ‘स्थूल’ म्हटलं की लठ्ठपणा आठवतो. रुळलेला शब्द उपटून अचूक शब्द लावण्याचा हट्ट मराठीत किती वेळा फसला आहे! शिवाय ‘सकल’ आपलाच आहे, ‘सकळ’ या रूपात तो संतांच्या अभंगांतून आपल्या कानावर आहे.

प्रतिसाद

व्युत्पत्तीच्या अंगाने थोडं लिहितो, निवड करायला उपयोग होईल.

‘सकल’ म्हणजे कलांसह, सर्व भागांसह. ‘स्थूल’ म्हणजे जाड, भरड. आता मूळ ‘ग्रॉस’ पाहा. तो लॅटिनमधल्या ‘जाड, भरड’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. म्हणजे ‘स्थूल’मध्ये तीच प्रतिमा जशीच्या तशी उतरली आहे. आणि ‘नेट’ हा फ्रेंचमधून आला, अर्थ ‘स्वच्छ’. त्याला आपण ‘निव्वळ’ म्हणतो. गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळून टाकलं की गाळ तळाशी बसतो आणि पाणी निवळतं. गाळ खाली बसल्यावर उरतं ते निव्वळ. याहून चांगला प्रतिशब्द मला सुचत नाही.

मग राष्ट्रीय हिशेबात हा गाळ कोणता? घसारा. एखादं यंत्र दहा वर्षं टिकतं असं धरा. या वर्षी त्यावर माल निघाला, तसा यंत्राचा सुमारे दहावा भाग झिजलाही. झीज वजा न करता सांगितलेलं ते स्थूल, वजा करून उरलेलं ते निव्वळ. ‘स्थूल’चा इथे एवढाच अर्थ आहे: अजून घासून-पुसून घेतलेलं नाही. म्हणूनच ‘घसारा’ हा शब्दही कृपा करून बदलू नका. ‘मूल्यह्रास’ त्याच्यापुढे अगदी कोरडा वाटतो. घासणं, घसरणं सगळं त्यात ऐकू येतं.

मूळ प्रश्नकर्ती

निवळीचं उदाहरण फार आवडलं. एक शंका आहे. निव्वळ आकडा जास्त खरा असेल, तर सगळं जग स्थूल आकडाच का वापरतं?

प्रतिसाद

कारण घसारा हा अंदाज असतो. यंत्र किती झिजलं याची पावती कुणाकडे नसते. उत्पादन, विक्री, पगार यांच्या नोंदी तरी असतात.

इतिहासही थोडा तसाच आहे. अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकेच्या सिनेटला जो अहवाल दिला, तो राष्ट्रीय उत्पन्नावर होता, म्हणजे घसारा वजा जाता. (देशाचं कल्याण या आकड्यावरून ताडता येणार नाही, हा इशारा त्यांनी त्यातच देऊन ठेवला होता.) पुढे दुसरं महायुद्ध आलं. युद्धात प्रश्न असतो की आत्ता, यंदा किती माल काढता येईल. यंत्रांची झीज नंतर भरून काढता येते. अमेरिकेने १९४२ मध्ये स्थूल राष्ट्रीय उत्पादनाचे आकडे प्रसिद्ध केले आणि नंतर ‘स्थूल’च मुख्य होऊन बसलं. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा प्रणालीची (देशांनी असे हिशेब कसे मांडावेत याच्या नियमांची) २०२५ ची नवी आवृत्ती मात्र निव्वळ आकड्याला अधिक ठळक जागा द्या असं सांगते. तेव्हा ‘निव्वळ देशांतर्गत उत्पादन’ हे शब्द पुस्तिकेत नीट समजावून ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ‘देशांतर्गत’ आणि ‘राष्ट्रीय’. यात मला तडजोड मान्य नाही. देशांतर्गत म्हणजे देशाच्या हद्दीत जे पिकलं-बनलं ते, मालक कुठलाही असो. राष्ट्रीय म्हणजे देशाच्या रहिवाशांच्या वाट्याला आलेलं, मग ते कुठेही कमावलेलं असो. आयर्लंडचं उदाहरण द्या. २०१५ साली तिथला जीडीपी, पहिल्या आकड्यांनुसार, एका वर्षात २६ टक्क्यांहून अधिक वाढला. तिथल्या माणसांची कमाई काही तशी वाढली नव्हती. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवली होती. शेवटी तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला २०१७ पासून राष्ट्रीय उत्पन्नाचा एक वेगळा, सुधारित आकडा द्यावा लागला. हे समजल्यावर ‘राष्ट्रीय’ आणि ‘देशांतर्गत’ अदलाबदल करून लिहिणं चालेल का?

आणखी एक. त्याच लेखा प्रणालीच्या १९९३ च्या आवृत्तीत ‘स्थूल राष्ट्रीय उत्पादन’ हे नावच बदलून ‘स्थूल राष्ट्रीय उत्पन्न’ केलं गेलं, कारण रहिवाशांच्या वाट्याला येतं ते उत्पन्न. बातम्यांतला ‘सकल राष्ट्रीय उत्पादन’ त्यामुळे जीडीपीही नव्हे आणि आजचं अधिकृत नावही नव्हे.

प्रतिसाद

‘उत्पादन’ आणि ‘उत्पन्न’ यांच्यावर एक प्रकरण लिहिता येईल. ‘यंदा शेताचं उत्पन्न किती?’ असं विचारलं तर कुणी पोत्यांत उत्तर देतं, कुणी रुपयांत. मराठीने दोन्ही एकाच शब्दात ठेवलं आहे. राष्ट्रीय हिशेबाचा पायाही तोच. वरच्याच सदऱ्याकडे पुन्हा पाहा. भरीची बेरीज २००. गिऱ्हाइकाने मोजले २००. आणि मजुरी, भाडं, व्याज, नफा म्हणून चौघांकडे मिळून वाटले गेले तेही २००. उत्पादन, खर्च आणि उत्पन्न अशा तीन पद्धतींनी मोजलं तरी आकडा एकच यायला हवा. प्रत्यक्षात माहिती वेगवेगळ्या ठिकाणांहून येते म्हणून थोडा फरक पडतो, आणि तो ‘विसंगती’ म्हणून वेगळा दाखवतात. विद्यार्थ्यांना ही समानता पाठ करायला लावण्याआधी त्यांच्याच भाषेतला हा शब्द त्यांच्यापुढे ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

जाता जाता: ‘दरडोई’ला हात लावू नका. मूळ ‘पर कॅपिटा’ या लॅटिन शब्दातही डोकंच आहे, आपल्याकडे डोई.

प्रतिसाद

ठीक, ‘स्थूल’ मान्य. फक्त पहिल्या पानावर एकदा ‘वर्तमानपत्रांत यालाच सकल म्हणतात’ असं लिहा, नाहीतर वाचक दोन वेगळ्या गोष्टी समजेल.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांची आभारी आहे. ‘स्थूल देशांतर्गत उत्पादन’, ‘निव्वळ’, ‘घसारा’ हे पक्कं करते, आणि सकलची टीपही देते. आता शेवटचं अडलेलं. ‘नॉमिनल’साठी आधीच्या मसुद्यात ‘नाममात्र’ आहे. ते ठेवू का?

प्रतिसाद

अजिबात नको! ‘नाममात्र शुल्क’ म्हणजे जवळजवळ फुकट. ‘नाममात्र जीडीपी’ वाचून देश कंगाल झाला असं वाटेल. खरं तर भाववाढ त्यात मिसळलेली असल्याने तो आकडा बहुधा फुगलेलाच असतो. सदरा तोच, एकच, पण पुढच्या वर्षी २२० ला विकला गेला, तर आकडा १० टक्के वाढला आणि उत्पादन तसूभरही नाही. ‘चालू किमतींनुसार’ लिहा, आणि जोडीला ‘स्थिर किमतींनुसार’. म्हणजे ठरवलेल्या पायाभूत वर्षाच्या भावाने मोजलेलं. शब्द लांब होतात, पण कोणत्या भावाने मोजलं हे नावातच कळतं.

मूळ प्रश्नकर्ती

बदलते. मसुद्यात अकरा ठिकाणी ‘नाममात्र’ आहे, आणि त्यातल्या दोन ठिकाणी मी स्वतःच तो ‘किरकोळ’ असा समजून पुढचं वाक्य लिहिलं होतं. ती दोन्ही वाक्यं आता नव्याने लिहायला घेतली आहेत.