मदत हवी आहे: नवापूर सुटलं की आप्पांच्या फोनची रेंज जाते

नमस्कार मंडळी,

मी नवापूरची. आमच्या स्टेशनच्या फलाटावरूनच राज्याची हद्द जाते. एका बाकड्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. लोक तिथे बसून फोटो काढतात. आमच्या घरात मात्र दोन महिन्यांपासून या हद्दीनेच जीव टांगणीला लावलाय.

आप्पा (वडील, वय 68) हृदयाच्या तपासणीसाठी दर पंधरा दिवसांनी सुरतला जातात. इकडच्या बऱ्याच जणांना मोठ्या दवाखान्यासाठी सुरतच सोयीचं पडतं. गाडी नवापूरहून निघाली की उकाई सोनगड यायच्या आत त्यांची रेंज जाते, ती परत नवापूरला उतरेपर्यंत येत नाही. त्यांच्याच शब्दांत, "नवापूर सुटनं का मोबाईल मुका व्हयी जास."

मागच्या मंगळवारी चुलतभाऊ सुरत स्टेशनवर घ्यायला उभा होता आणि आप्पा गर्दीत उधन्यालाच उतरले. मी इथून फोन लावतेय, तर दर वेळी 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. दीड तासाने एका अनोळखी नंबरवरून फोन आला. चष्म्याच्या डबीत मी माझ्या नंबरची चिठ्ठी ठेवली होती, ती त्यांनी फलाटावरच्या चहावाल्याला दाखवली. त्या भल्या माणसाने स्वतःचा फोन दिला. आप्पांचा आवाज ऐकला आणि मला रडूच फुटलं.

रिचार्ज चालू आहे. डेटा रोमिंग सुरू केलं, फोन बंद करून चालू केला, एअरप्लेन मोड करून पाहिला. स्क्रीनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' एवढंच दिसतं. नवल म्हणजे माझं सिम त्याच कंपनीचं, महाराष्ट्राचंच, आणि ते व्यारा-बारडोलीत व्यवस्थित चालतं.

गुजरातचं सिम घेऊन द्यावं का? पण बँक, आधार, दवाखान्याची फाईल सगळं जुन्या नंबरवर आहे. ओटीपी आला नाही तर तिथे एकटे काय करतील? पुढची तारीख येत्या मंगळवारी आहे. कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद १
ताई, डेटा रोमिंगचा संबंध फक्त इंटरनेटशी. कॉलच लागत नाही म्हणजे गोष्ट वेगळी. फोनमध्ये मोबाईल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'नेटवर्क आपोआप निवडा' चालू आहे का बघा. कोणी हाताने नेटवर्क निवडून ठेवलं असेल तर फोन तेवढंच शोधत बसतो. कंपनी एकच असली तरी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन सर्कल (मोबाईल सेवेचे वेगवेगळे विभाग), आणि प्रत्येक सर्कलमध्ये नेटवर्कचा कोड वेगळा. भारताचे कोड 404 किंवा 405 ने सुरू होतात, पुढचे आकडे कंपनी आणि सर्कलप्रमाणे बदलतात.

प्रतिसाद २
नवीन सिम नका घेऊ. नंबर पोर्ट करायचाही विचार नको. देशभर पोर्टिंग जुलै 2015 पासून होतं खरं, पण इथे दुखणं सिमचं दिसत नाही. आणि आप्पांना एक सांगून ठेवा: 'फक्त आपत्कालीन कॉल' दिसत असलं तरी 112 लागतो, कुठल्याही कंपनीचा टॉवर मिळाला की पुरे.

धागाकर्ती
सापडलं! धाकट्या भावाने दिवाळीत आप्पांचं नेटवर्क हाताने निवडून ठेवलं होतं. आमच्या घरी फोन सारखा गुजरातच्या टॉवरवर उडी मारायचा आणि बोलता बोलता कॉल तुटायचा, म्हणून. त्याच्या डोक्यातूनही ते गेलं होतं. आता 'आपोआप' केलंय. घरी पुन्हा कॉल तुटायला लागलेत, त्यावर काही उपाय असेल तर जरूर सांगा. तोवर आप्पा मागच्या अंगणात जाऊन बोलतात, तिथे आपला टॉवर धरतो.

चिठ्ठी चष्म्याच्या डबीतून काढलेली नाही. आज मंगळवार. साडेनऊला फोन वाजला: "व्यारा उनं. चहा पी ऱ्हायनू."